उसाच्या पडावावर पुरा होणारा लघुप्रबंध

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आमच्या भागातील मुलेमुली दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात. लघुप्रबंधाला विषय कोणता घ्यावा? नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणल्यापासून विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे. विषय ठरविण्याची रीत मात्र जुनीच आहे. ग्रंथालयात जायचे, मागच्या पाच वर्षांचे प्रबंध चाळायचे, एखाद्या कादंबरीचे नाव बदलून तोच आराखडा पुढे ओढायचा. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचीही तीच गत. घरी आजी अहिराणी बोलते, शेजारी मावची बोलतात, आणि हा पठ्ठ्या पुण्याच्या प्रमाण मराठीतील क्रियापदांवर चाळीस पाने लिहून मोकळा होतो.

अशा विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. नंदुरबारला सुरतेकडची गाडी पकडा, नवापूर, सोनगड, व्यारा, मढी मागे टाका आणि बारडोलीला उतरा. सरदारांच्या १९२८ च्या सत्याग्रहामुळे हे गाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. आमच्या साक्री, नवापूर, अक्कलकुवा भागातील माणसांना ते ठाऊक आहे दुसऱ्या कारणाने. दिवाळी झाली की गावची गावे ओस पडतात आणि कोयते घेऊन माणसे उसाला जातात. कुठे, असे विचारले की उत्तरात बारडोलीचे नाव हमखास येते.

बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला आणि पुढे देशातील मोठ्या कारखान्यांत गणला गेला. त्याच्या पाठोपाठ दक्षिण गुजरातेत आणखी कारखाने झाले. ऊस तोडायला मजूर आणले ते खानदेशातून आणि डांगातून. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या तोडणी मजुरांवर १९७८ साली एक दीर्घ लेख लिहिला आणि १९८५ च्या ग्रंथात पुन्हा हा विषय घेतला. गावातले भूमिहीन हळपती कामाविना बसलेले असताना कारखान्यांनी बाहेरचे मजूर का आणले, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. मजुरी, मुकादम, उचल यांविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले. ती माणसे आपसांत कोणती बोली बोलतात, कारखान्याच्या माणसाशी कोणती, दुकानदाराशी कोणती, हा त्यांचा विषय नव्हता. तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचा विषय आहे.

पडावावर संध्याकाळी अर्धा तास बसले तरी याची कल्पना येते. एका कोपीत अहिराणी, दुसऱ्या कोपीत मावची, पलीकडे कोकणी किंवा भिली. येथे कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे, डांग-साक्री भागातील कोकणा आदिवासींची. मुकादम आपल्या टोळीशी घरची बोली बोलतो आणि फडावर हिशेबाचा माणूस आला की गुजराती सुरू करतो. ट्रकवाल्याशी हिंदी. गावी फोन लावला की पुन्हा घरची बोली. शाळेत चार इयत्ता काढलेले पोर वहीत लिहील ते मराठीत. प्रबोध पंडित या गुजराती भाषाशास्त्रज्ञाने मुंबईतल्या एका गुजराती मसाला व्यापाऱ्याचे उदाहरण १९७२ च्या पुस्तकात दिले आहे. हा व्यापारी घरी गुजराती, भाजीबाजारात मराठी, धंद्यात कच्छी आणि कोंकणी, दूधवाल्याशी हिंदुस्तानी आणि औपचारिक प्रसंगी इंग्रजी बोलतो. जगभरच्या अभ्यासकांनी हे उदाहरण उचलून धरले. आमच्या मुकादमाच्या भाषा मोजल्या तर तो त्या व्यापाऱ्यापेक्षा फार मागे राहणार नाही. पण व्यापाऱ्याला पुस्तकात जागा मिळाली, मुकादम अजून वाटच पाहतो आहे.

आता विषय कसा बांधायचा ते सांगतो. 'बारडोली परिसरातील मजुरांची भाषा' असा विषय घेतला तर मार्गदर्शक तो फेटाळतील, आणि फेटाळावाच. एवढा पसारा पीएच.डी.लाही आवरणार नाही. लघुप्रबंधाला एक बोली, एक तालुका आणि भाषेतील एखाददुसरी खूण पुरते. अमेरिकेतील विल्यम लबॉव्ह (हे २०२४ साली वारले) यांचे उदाहरण घ्या. १९६१ साली ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर गेले आणि ६९ बेटकऱ्यांशी बोलले. ऐकायचे काय, तर 'राइट' आणि 'हाउस' अशा साध्या शब्दांतला स्वर. उन्हाळी पाहुण्यांनी बेट भरून गेले होते. ज्यांना बेटावरच राहायचे होते, विशेषतः मासेमारी करणारे, त्यांच्या तोंडी तो स्वर वेगळ्या बेटकरी ढंगाने येई. बेट सोडून जाऊ पाहणाऱ्या तरुणांच्या तोंडी तो ढंग फारसा नव्हता. मूळ काम एम.ए.चे होते, १९६३ साली ते छापून आले आणि भाषेकडे पाहण्याची एक नवी शाखाच त्यातून वाढली. स्वर दोन, बेट एक, माणसे ६९.

आमच्याकडे असे काय मोजता येईल? अहिराणीतले एक साधे वाक्य घेऊ. 'मना भाऊ घरमा शे.' मराठीत 'माझा भाऊ घरात आहे', गुजरातीत 'मारो भाई घरमां छे'. शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर 'घरमा' आणि 'शे' हे दोन्ही गुजरातीच्या जवळ जातात. 'रामना बैल' यातला 'ना'ही तिकडचाच भाऊ वाटतो. पण आता 'माले दे', 'तुले सांगस' ऐका. हा 'ले' मराठीच्या 'ला'चा सख्खा वाटतो, गुजरातीत तेथे 'ने' येतो. आणि 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया' पुष्कळ अहिराणी गावांत होतो. तेथे मराठीत 'काळा', गुजरातीत 'काळो'. म्हणजे 'ळ' राखण्यात मराठी आणि गुजराती एका बाजूला, अहिराणी दुसऱ्या बाजूला. ही बोली कोणत्या राज्याची, असे विचारणाऱ्याची येथे पंचाईत होते.

येथेच विद्यार्थ्याने सावध राहावे. बारडोलीच्या पडावावर साक्रीकडच्या माणसाच्या तोंडून 'घरमा' ऐकले की नवखा अभ्यासक लगेच वहीत टिपतो, 'गुजरातीचा प्रभाव'. हा प्रभाव नव्हे. जी म्हातारी आयुष्यात सुरतेकडे फिरकली नाही तीही 'घरमा'च म्हणते. तिच्या आजीनेही तेच म्हटले असेल. वारशाने आलेले काय आणि सहा महिन्यांच्या मुक्कामात उचललेले काय, हे वेगळे करणे हेच खरे संशोधन. त्यासाठी माणसांचे दोन गट हवेत. एकाच गावातले, साधारण एकाच वयाचे; पहिला दहा हंगाम उसाला जाऊन आलेला, दुसरा कधीच न गेलेला. दोघांना तेच प्रश्न, तीच चित्रे, तीच गोष्ट सांगायला लावायची. जे दोघांच्या बोलण्यात आहे ते घरचे. जे फक्त पहिल्याच्या बोलण्यात आहे त्याचा माग बारडोलीपर्यंत काढायचा. म्हणून हा प्रकल्प नुसत्या बारडोलीत होत नाही, निम्मा बारडोलीत आणि निम्मा मजुरांच्या गावी होतो.

शब्दांची खाणही मोठी आहे. 'खावटी' हा एकच शब्द पाहा. पडावावर खावटी म्हणजे हंगामात पोटाला दिलेले धान्य, ज्याचे पैसे शेवटच्या हिशेबात मजुरीतून वळते होतात. आमच्या नंदुरबारच्या आदिवासी गावांत खावटी म्हटले की पावसाळ्यातले सरकारी खावटी कर्ज आठवते. शब्द एक, देणारे दोन. मजूर या दोन खावट्यांबद्दल कोणत्या वाक्यांत बोलतो, कोणती 'मिळाली' म्हणतो आणि कोणती 'कापली' म्हणतो, एवढ्यावर एक प्रकरण सहज होईल. 'कोयता' हा दुसरा शब्द. हत्याराचे नाव माणसांच्या मोजमापाला लागले. मुकादम 'वीस कोयते आणले' म्हणतो तेव्हा तो वीस जोडप्यांबद्दल बोलत असतो, आणि जोडप्यामागे उसाच्या मोळ्या वाहणारे एखादे पोरही असते. मजुरी टनावर आणि कोयत्याच्या नावाने निघते. बाईचा वाटा किती, यासाठी हिशेबात शब्दच नाही. अर्थविचाराच्या तासाला शिक्षक जे फळ्यावर मांडतात ते येथे माणसांच्या पोटाशी बांधलेले आहे.

जुन्यांनी काय करून ठेवले

या कामाला पूर्वपीठिका आहे आणि ती पहिल्या प्रकरणात नीट यायला हवी. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ चा. आमची खानदेशी त्यात नाही. ती १९०७ च्या भिली भाषांच्या खंडात घातली गेली. ग्रिअर्सन गावोगाव हिंडला नव्हता. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे स्थानिक बोलीत भाषांतर मागवायचे आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे, अशी त्याची पद्धत होती. त्यातून निघालेले वर्गीकरण आमच्या कपाळी मात्र शतकभर राहिले. जनगणनेत आजही 'खानदेशी' ही वेगळी भाषा म्हणून मोजतात आणि अहिराणी व डांगी तिच्या पोटात येतात. २०११ च्या गणनेत खानदेशी सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार निघाले. घरात अहिराणीच बोलणारा, पण गणकाला 'मराठी' असे उत्तर देणारा माणूस मराठीच्या ८ कोटी ३० लाखांत जमा झाला. म्हणजे हा आकडा बोलीचा नाही, दारात उभ्या राहून दिलेल्या उत्तराचा आहे. लघुप्रबंधात जनगणनेचे कोष्टक चिकटवताना एवढे ध्यानात ठेवले तरी तोंडी परीक्षेत परीक्षक खूश होतील.

पुढच्या पिढीत डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी हाती घेतली. महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा एकेका बोलीवर स्वतंत्र पुस्तक आले, वारलीचे १९६९ साली. बोलीचे वर्णन किती नेमके आणि किती थोडक्यात करता येते हे शिकायला ती पुस्तके अजूनही उत्तम. १९६४ साली विजया चिटणीस यांनी धुळे तालुक्यातील मोहाडीच्या शेतकऱ्यांच्या बोलीवर पुण्यात प्रबंध लिहिला. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह दोन्हींसाठी आयुष्य वेचले. अलीकडे डेक्कन कॉलेजात डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण झाले. त्यात गावोगावच्या लोकांचा आवाज ध्वनिमुद्रित आहे आणि तो घरबसल्या ऐकता येतो. विद्यार्थ्याने प्रश्नावली तयार करण्यापूर्वी तो जरूर ऐकावा.

सीमेवरचे म्हणून एक काम तर प्रत्येकाने वाचलेच पाहिजे. सांगलीजवळच्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली निबंध छापला. तेथे कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा शतकानुशतके एकाच गावात नांदल्या. शब्द प्रत्येकीने आपापले राखले, पण वाक्याची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता यावे, असे त्यांना आढळले. डॉ. कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी त्याच गावी जाऊन हे पुन्हा तपासले आणि चित्र तितके सरळ नाही असे दाखवले. बारडोलीचा पडाव कुपवाडसारखा नाही. कुपवाडचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांचे, पडावाचे शेजारी सहा महिन्यांचे. पुढच्या वर्षी कोपी दुसरीकडे. इतक्या तुटक सहवासात भाषा एकमेकींच्या अंगावर येतात का, हा प्रश्न कुपवाडहून वेगळा आहे आणि तो आमच्याच मुलांनी सोडवण्यासारखा आहे.

एक गोष्ट टाळावी. हा प्रदेश कुणाचा, हे सिद्ध करण्यासाठी प्रबंध लिहू नये. डांगची बोली मराठी की गुजराती, यावर राज्ये होण्यापूर्वी पुष्कळ रणे माजली. १९६० साली डांग गुजरातेत गेला, उंबरगाव तालुक्यातील गावे गेली, आमच्या पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतलीही काही गावे गेली. रेघ ओढली गेली ती माणसांच्या मधून. इकडचे गावित आणि व्याऱ्याचे गामीत एकाच जमातीचे. दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ही नावे एकाच ओळीत आहेत. शाळेच्या दाखल्यावर मात्र लिपी बदलली आणि नावही. नवापूरच्या स्टेशनात तर फलाटावरच दोन राज्ये आहेत आणि घोषणा चार भाषांत होतात, हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. त्या चारांत मावची नाही, अहिराणी नाही. गाडीची वाट पाहत बसलेली निम्मी माणसे ज्या बोलीत आपसांत बोलतात ती भोंग्यातून कधी ऐकू येत नाही. तशी घोषणा व्हावी अशी आमची मागणी नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्टेशनावर कान कुठे द्यायचा एवढेच सुचवायचे आहे.

प्रबंध पुरा कसा करावा

बहुतेक प्रकल्प अडतात ते लेखनात. ध्वनिमुद्रण सोपे, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पण एक तासाचे बोलणे ध्वनिलिपीत उतरवायला दहा तासही कमी पडतात, आणि पडावावरच्या मुद्रणात मागे ट्रक, कुत्री, रडणारी पोरे सगळे असते. म्हणून वीस तास बोलणे गोळा करून मग उतरवत बसू नये. तीन-चार तास चांगले मुद्रण, तेही उतरवत उतरवत. पहिल्या मुलाखतीचे लेखन झाले की आपण कोणते प्रश्न चुकीचे विचारले हे कळते आणि दुसरी मुलाखत सुधारते. आरंभाला शंभर-दोनशे नेहमीच्या शब्दांची यादी घ्यावी. शरीराचे अवयव, नाती, पाणी, आग, जाणे, खाणे असे शब्द. मग त्यात आपले घालावे, मोळी, पाचट, वाढे, कोपी, उचल. यादीने तोंड उघडते, पण बोली सापडते ती गोष्टीत. कुणी बैल हरवल्याची गोष्ट सांगू लागला की तो प्रमाण भाषा विसरतो.

वेळ सांभाळावी. तोडणीचे लोक पहाटेच्या अंधारात उठतात, गाडी आली तर रात्रीही भरायला जातात. दुपारच्या विसाव्यात प्रश्नावली घेऊन उभे राहणे बरे नव्हे. मुकादमाला विचारल्याखेरीज पडावावर जाता येत नाही, आणि मुकादमासमोर मजूर मोकळा बोलत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उतारा म्हणजे आधी गावची ओळख. जून-जुलैत मजुरांच्या गावी जाऊन बसलेला मुलगा डिसेंबरात पडावावर आला तर तो पाहुणा ठरतो. थेट पडावावर उतरलेला मुलगा कुणी सरकारी माणूस वाटतो. परवानगी मागावी, प्रबंधात नावे बदलावी, उचलीचे आकडे कुणाच्या नावावर छापू नयेत. भाषेच्या अभ्यासाने कुणाची पुढच्या हंगामाची मजुरी जाता कामा नये.

मुलांचा प्रश्न याच कामातून वर येईल आणि आमच्या मते तो सर्वांत निकडीचा आहे. पोर जूनमध्ये मराठी शाळेत नाव घालते, दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत जाते. तेथे शाळा मिळाली तरी फळ्यावर गुजराती. एप्रिल-मेमध्ये परत येते तेव्हा इकडची परीक्षा होऊन गेलेली. घरी बोलतात ती बोली दोन्हीकडच्या पुस्तकांत नाही. सुरत शहरात महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण उसाचे फड शहरात नसतात. असा दहा वर्षांचा मुलगा कोणत्या भाषेत वाचू शकतो, कोणत्या भाषेत बेरीज करतो, कोणत्या भाषेत भांडतो, हे पंधरा-वीस मुलांपुरते जरी कुणी नीट नोंदवले तरी दोन्ही राज्यांच्या शिक्षकांच्या हाती काहीतरी येईल. आज शिक्षक त्या मुलाला 'कच्चा' म्हणतो, कारण दुसरा शब्द त्याला कुणी दिलेला नाही. दोन लिप्या अर्ध्या-अर्ध्या आणि तीन बोली पुऱ्या येणाऱ्या मुलाला काय म्हणावे, हे भाषाशास्त्राने सांगायचे आहे.

पुरा झालेला लघुप्रबंध जातो कुठे, हेही पाहून ठेवा. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात कुणालाही वाचता येतात. एम.ए.च्या लघुप्रबंधाची बांधीव प्रत विभागाच्या कपाटात जाते, आणि कपाट भरले की खालच्या खणात. म्हणून आमची विनंती आहे की एक प्रत जास्त बांधावी. तिला मराठीत पाचसहा पानांचा सारांश जोडावा आणि शब्दयादी पूर्ण द्यावी. मुद्रणाची फाइल एखाद्या चिपवर घालून तीही सोबत ठेवावी. ही प्रत ज्या गावची बोली घेतली त्या गावच्या शाळेत द्यायची, आणि द्यायची ती जूनमध्ये. दिवाळीनंतर गेलात तर प्रत घ्यायला तिथे शिक्षक असतील, ज्यांचे शब्द आहेत ती माणसे बारडोलीला गेलेली असतील.